लायब्ररी आहे, पण सापडत नाही
सामायिक संगणक वापरणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना

प्रोग्राम चालवायला घ्यावा आणि स्क्रीनवर 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' अशी ओळ उमटावी, हा अनुभव लिनक्सवर काम करणाऱ्या कोणालाच नवा नाही. ही ओळ येते तेव्हा आपल्या प्रोग्रामची पहिली आज्ञासुद्धा चाललेली नसते. आपण लिहिलेलं गणित, त्यातले लूप, आपली डेटा फाइल, यांतल्या कशालाही संगणकाने अजून हात लावलेला नसतो. तरीही विद्यार्थी आधी तपासतो तो स्वतःचा कोडच. दोन-चार ठिकाणी प्रिंट टाकतो, इनपुट बदलतो, पुन्हा कंपाइल करतो, आणि तीच ओळ जशीच्या तशी परत येते. येणारच. गाडी फाटकाबाहेरच अडली आहे आणि तपास मात्र घरात चालला आहे.

या पुस्तिकेचा विषय एवढाच आहे: प्रोग्राम ज्या लायब्ररींवर अवलंबून आहे त्या एका विशिष्ट संगणकावर का लोड होत नाहीत, आणि ते कारण कसं शोधायचं. यातले 'एका विशिष्ट संगणकावर' हे शब्द ध्यानात ठेवायचे. तोच प्रोग्राम, अगदी तीच फाइल, शेजारच्या मशीनवर बिनतक्रार चालत असते. म्हणून 'मला पण हाच एरर आला होता, मी असं केलं आणि सुटला' असा सल्ला पुष्कळदा निरुपयोगी ठरतो, क्वचित घातकही. सल्ला देणारा खोटं बोलत नसतो. त्याचं मशीन वेगळं असतं. उपाय मशीनगणिक बदलतो, तपासाची रीत बदलत नाही. इथे भर आहे तो रीतीवर.

अशा पुस्तिकेची गरज पुण्यात विशेष आहे, आणि त्याला इथला इतिहास कारण आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणन-संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिथे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवर चालायचा. त्याच्यासाठी कंपाइल केलेली फाइल टेबलावरच्या पीसीवर नेऊन चालवण्याचा विचारही कोणी केला नसता, कारण प्रोसेसरच निराळा. १९९८ चा परम १०००० सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर होता आणि त्यानंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर. यंत्र बदललं की प्रोग्राम तिथे नव्याने कंपाइल करायचा, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असे.

मग चित्र पालटलं. टाटा समूहाने पुण्यात उभारलेला 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर आला. त्यात इंटेलचे झिऑन प्रोसेसर होते. पुढच्याच वर्षी आलेला परम युवाही इंटेलवरचा. आता विद्यार्थ्याच्या बॅगेतला लॅपटॉप आणि संस्थेतला महासंगणक एकाच घराण्यातला प्रोसेसर वापरू लागले आणि दोन्हीकडे लिनक्स आलं. साहजिकच वाटू लागलं की इकडची फाइल तिकडे ठेवली की काम झालं. प्रोसेसरला ती कळते, कर्नल ती स्वीकारतो, आणि नेमकं लायब्ररींपाशी घोडं अडतं. गोम इथेच आहे: यंत्रं अगदी परकी होती तेव्हा ही अडचण फारशी येत नसे, कारण फाइल नेण्याचं धाडसच कोणी करत नसे. यंत्रं सारखी दिसू लागली आणि ही अडचण रोजची झाली.

राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये सुरू झालं. पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म आला. त्याच परिसरातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अर्क हे हवामानासाठीचे महासंगणक सुरू झाले. जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठीचा परम रुद्र अर्कबरोबर एकाच दिवशी राष्ट्राला अर्पण झाला. त्याखेरीज विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या विभागांतले लहानमोठे क्लस्टर वेगळेच. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. संगणक सामायिक असतो, रूटचा पासवर्ड आपल्याकडे नसतो. घरच्या मशीनवर आपण सुडो लावून हवं ते पॅकेज टाकतो. इथे ती सोय नाही, आणि नसावी हेच योग्य. जे करायचं ते स्वतःच्या होम डिरेक्टरीत, बाकीच्यांना धक्का न लावता. त्यासाठी लोडर म्हणजे काय आणि तो कसा वागतो, हे माहीत असायला लागतं.

एक खुलासा. प्रस्तावनेत आज्ञांची आणि फाइलींची नावं वाचायला सोपी पडावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. पुढच्या प्रकरणांत ती कीबोर्डवर टाइप करायची तशीच छापली आहेत.

*

प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. स्टॅटिक जोडणीत लायब्ररीतला लागेल तेवढा भाग कंपाइल करतानाच प्रोग्रामच्या फाइलीत उतरवला जातो. फाइल मोठी होते, पण स्वयंपूर्ण होते. डायनॅमिक जोडणीत फाइलीत फक्त नावं राहतात, खुद्द लायब्ररी प्रोग्राम सुरू होताना शोधून मेमरीत आणली जाते. एकच लायब्ररी शंभर प्रोग्रामना पुरते, तिच्यातला सुरक्षेचा दोष एका जागी दुरुस्त केला की सगळीकडे दुरुस्त होतो. या सोयीची किंमत म्हणजे आपला विषय. क्रे कंपनीच्या एक्ससी मालिकेत (प्रत्युष त्याच मालिकेतला) कंपायलर कितीतरी वर्षं मुळातच स्टॅटिक जोडणी करत असे. हजारो नोडांनी एकाच वेळी त्याच लायब्ररी फाइली उघडायला धाव घेतली तर स्टोरेजवर ताण येतो, हे त्यामागचं एक कारण. २०१९ मध्ये क्रेने आपल्या नव्या कंपायलर-संचात मूळ पर्याय बदलून डायनॅमिक केला. म्हणजे महासंगणकांच्या जगातही अखेर डायनॅमिकचाच वरचष्मा झाला.

डायनॅमिक प्रोग्रामच्या फाइलीत वरच्या बाजूला एका छोट्या प्रोग्रामचा पत्ता लिहिलेला असतो. हाच लोडर. कर्नल आधी त्याला उठवतो. लोडर आपल्या फाइलीतली 'हव्या असलेल्या' लायब्ररींची यादी वाचतो. त्या प्रत्येकीची स्वतःची यादी असते, तीही वाचतो, आणि एकेक फाइल शोधत सुटतो. शोधण्याचा क्रम ठरलेला आहे. आरपाथ म्हणून फाइलीतच कोरून ठेवलेला मार्ग असेल तर आधी तो. मग एलडी_लायब्ररी_पाथ या व्हेरिएबलमधल्या डिरेक्टऱ्या. मग रनपाथ, म्हणजे आरपाथचीच नंतर आलेली आवृत्ती. त्यानंतर एलडीकॉन्फिगने बनवून ठेवलेली कॅश, आणि शेवटी सिस्टिमच्या ठरावीक जागा. आरपाथ आणि रनपाथ यांत नावापुरताच फरक दिसतो, पण एक व्हेरिएबलच्या आधी बघितला जातो आणि दुसरा नंतर. फाइलीत रनपाथ असेल तर आरपाथ विचारातच घेतला जात नाही. शिवाय रनपाथ फक्त त्या फाइलीच्या थेट गरजांना लागू होतो. तिने मागवलेल्या लायब्ररीला पुढे जी लायब्ररी लागते, तिला नाही. 'रनपाथ दिलाय, तरी सापडत नाही' या तक्रारीचं उत्तर बहुधा या शेवटच्या नियमात असतं.

लोडर नावावर शोधतो आणि पहिलं नाव जुळलं की थांबतो. पेठेतल्या वाड्यात चौकात उभं राहून 'जोशी' अशी हाक मारावी आणि जो आधी ओ देईल तो खाली उतरावा, तसं. उतरलेले जोशी आपल्याला हवे होते तेच आहेत का, हे बोलणं सुरू झाल्यावर कळतं. लायब्ररींच्या अडचणींचे दोन मोठे गट यातूनच पडतात: कोणीच ओ दिली नाही, किंवा भलत्यानेच दिली.

पहिल्या गटातला संदेश सरळ असतो: अमुक फाइल उघडता येत नाही, अशी फाइल वा डिरेक्टरी नाही. यातही एक फसवी जात आहे. कधी कधी 'नाही' म्हणून सांगितलेली फाइल आपलाच प्रोग्राम असतो. एलएस केलं तर तो समोर दिसतो, चालवण्याची परवानगीही असते, आणि बॅश म्हणतं, अशी फाइल नाही. इथे न सापडलेली वस्तू प्रोग्राम नसून त्याच्यात लिहिलेला लोडर असतो. ३२ बिटांचा प्रोग्राम निव्वळ ६४ बिटांच्या मशीनवर नेला, किंवा अल्पाइन लिनक्सवर बनवलेला प्रोग्राम उबुंटूवर आणला, की हा प्रकार होतो.

दुसऱ्या गटातले संदेश लांबलचक असतात. लायब्ररी सापडली, पण 'अमुक व्हर्जन नाही' किंवा 'अनडिफाइन्ड सिम्बॉल'. पायथॉन वापरणाऱ्यांना हे चांगलं परिचित आहे. कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये लिबस्टडसी++ ची नवी प्रत असते, सिस्टिमकडे जुनी असते, आणि जॉबसाठी लोड केलेल्या एखाद्या मॉड्यूलने एलडी_लायब्ररी_पाथमध्ये तिसरीच घातलेली असते. तिन्हींचं नाव एकच. इम्पोर्ट कुठल्या प्रतीवर जाऊन आदळतो, हे वर सांगितलेल्या क्रमावर ठरतं. त्यामुळे 'काल चालत होतं, आज मॉड्यूल लोड केलं आणि बिघडलं' हे वाक्य गूढ वाटलं तरी त्यात गूढ काही नसतं.

*

एक उदाहरण जरा जवळून पाहू. पुस्तिकेतली बरीच प्रकरणं याच पद्धतीने लिहिली आहेत.

एका सामायिक क्लस्टरवर विद्यार्थिनीने जीपीयूसाठीचा प्रोग्राम लॉगिन नोडवर कंपाइल केला. कंपाइल बिनबोभाट झाला. सहज चालवून बघितला, तर संदेश आला: लिबकुडा.एसओ.१ उघडता येत नाही. मॉड्यूलच्या यादीत कुडा लोड झालेला दिसत होता. एलडीडी लावून पाहिलं. बाकी सगळ्या लायब्ररींसमोर पत्ते आले आणि या एकीसमोर 'नॉट फाउंड'. तिने कुडाच्या डिरेक्टरीत शोध घेतला तेव्हा 'स्टब्ज' नावाच्या फोल्डरमध्ये लिबकुडा.एसओ मिळाली. नावाच्या शेवटी एक नव्हता, म्हणून तिने होम डिरेक्टरीत हव्या त्या नावाची सिमलिंक केली आणि ती डिरेक्टरी एलडी_लायब्ररी_पाथमध्ये घातली. संदेश गेला. प्रोग्राम सुरू झाला आणि लगेच नवी तक्रार: कुडा ड्रायव्हर ही स्टब लायब्ररी आहे. तिने तोच पाथ जॉबच्या स्क्रिप्टमध्येही घातला, आणि प्रत्यक्ष जीपीयू असलेल्या नोडवरही तीच तक्रार.

इथे चूक कोणती? लिबकुडा.एसओ.१ ही लायब्ररी कुडाच्या टूलकिटबरोबर येत नाही, ती ग्राफिक्स ड्रायव्हरबरोबर येते. ड्रायव्हर असतो जिथे कार्ड आहे त्या नोडवर. या क्लस्टरच्या लॉगिन नोडवर कार्ड नव्हतं, म्हणून ड्रायव्हर नव्हता, म्हणून लायब्ररी नव्हती. पहिला संदेश अगदी बरोबर होता आणि त्यावर काहीच करण्याची गरज नव्हती; जॉब जीपीयू नोडवर पाठवला असता तर सरळ चालला असता. स्टब ही फक्त कंपाइल करताना जोडणी पूर्ण व्हावी म्हणून ठेवलेली पोकळ लायब्ररी आहे. ती शोधाच्या क्रमात पुढे आणल्यामुळे जिथे खरी लायब्ररी होती तिथेही खोटीच आधी सापडू लागली. व्हेरिएबल काढून टाकलं, सिमलिंक पुसली आणि काम झालं.

या प्रसंगातून तपासाचे पहिले दोन प्रश्न हाती लागतात. संदेश आला तो नेमक्या कुठल्या नोडवर? आणि प्रोग्राम चालायचा आहे तो कुठल्या नोडवर? लॉगिन नोडचं नाव एक आणि कॉम्प्युट नोडांची पन्नास असली तरी वापरणाऱ्याच्या मनात 'तो संगणक' एकच असतो. होम डिरेक्टरी सगळीकडे सारखी दिसते, म्हणून बाकीचंही सारखं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात सिस्टिमच्या लायब्ररी प्रत्येक नोडच्या स्वतःच्या असतात. लॉगिन नोडवर सोयीसाठी जास्तीची पॅकेजं टाकलेली असतात, कॉम्प्युट नोड मुद्दाम सडसडीत ठेवलेले असतात. तेव्हा एलडीडी चालवायचं ते जॉबच्या आत. लॉगिन नोडवरच्या एलडीडीने दिलेलं उत्तर लॉगिन नोडपुरतं खरं असतं.

एलडीडीच्या आणखी दोन मर्यादा सांगायला हव्यात. अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या फाइलीवर ते चालवू नये, कारण काही परिस्थितीत ती फाइलच चालू होऊ शकते. अशा वेळी रीडएल्फ वापरावं. ते नुसतं वाचतं. दुसरं, प्रोग्राम सुरू झाल्यानंतर मागाहून उघडल्या जाणाऱ्या लायब्ररी एलडीडीला दिसत नाहीत. पायथॉनची एक्स्टेन्शन्स आणि एमपीआयचे प्लगइन याच जातीचे. तिथे कामाला येतो तो एलडी_डीबग. त्याला 'लिब्ज' ही किंमत देऊन प्रोग्राम चालवला की लोडर कुठे कुठे गेला, कुठे हात हलवत परतला आणि शेवटी काय उचललं, हे सगळं तो स्वतः सांगतो. या एका व्हेरिएबलला पुस्तिकेत एक अख्खं प्रकरण दिलं आहे, कारण अंदाज बांधायचं काम इथे संपतं.

*

आता काही उपाय, जे करू नयेत म्हणून सांगायचे.

लायब्ररीच्या नावातला '.एसओ' नंतरचा आकडा शोभेचा नसतो. जीएनयू फोरट्रानची लायब्ररी घ्या. जीसीसी ६ पर्यंत तिचा आकडा ३ होता, जीसीसी ७ मध्ये ४ झाला आणि जीसीसी ८ पासून ५ आहे. हवामानाचे, रसायनशास्त्राचे कितीतरी जुने प्रोग्राम फोरट्रानमध्ये असल्यामुळे 'लिबजीफोर्ट्रान.एसओ.३ सापडत नाही' हा संदेश पाषाण परिसरात काम करणाऱ्यांना तरी परका नसावा. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे पाचला तीन असं नाव देणारी सिमलिंक करणे. पण आकडा बदलला आहे तो लायब्ररी बनवणाऱ्यांनी आतली रचना बदलली म्हणून. सिमलिंक केल्याने संदेश जातो, रचना तीच राहते. मग प्रोग्राम मध्येच कोसळला तर नशीब म्हणायचं. न कोसळता चुकीचे आकडे लिहीत राहिला तर पेपर छापून येईपर्यंत पत्ता लागत नाही. तीन मागणाऱ्याला तीनच द्यावी, नाहीतर प्रोग्राम नव्या कंपायलरने पुन्हा बनवावा.

दुसरा आवडता उपाय: एलडी_लायब्ररी_पाथ .बॅशआरसीत कायमचा लिहून ठेवणे. एका प्रोग्रामची सोय होते आणि बाकी सगळ्यांची वाट बदलते. सहा महिन्यांनी भलताच प्रोग्राम बिघडतो तेव्हा ती ओळ कोणी लिहिली हेही आठवत नाही. हे व्हेरिएबल एका आज्ञेपुरतं, फार तर एका जॉबपुरतं वापरायचं.

तिसरा सगळ्यांत महाग पडतो. 'जीलिबसीचं व्हर्जन नाही' म्हटल्यावर लॅपटॉपवरची लिबसी.एसओ.६ उचलून होम डिरेक्टरीत आणायची आणि पाथ तिकडे वळवायचा. लोडर आणि लिबसी ही एकाच पॅकेजमधली जोडगोळी आहे. एक जुना आणि दुसरी नवी असेल तर त्यांचं जमत नाही. त्या क्षणापासून एलएस, सीपी, व्हीआय, काहीच चालेनासं होतं, कारण यांतल्या प्रत्येकाला लिबसी लागते. घाबरून जाऊ नये. 'अनसेट' ही आज्ञा बॅशच्या पोटातच आहे, तिला नवा प्रोग्राम सुरू करावा लागत नाही. तिने व्हेरिएबल काढलं की सगळं पूर्ववत होतं.

*

जीलिबसीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबायला हवं. आपल्या लिनक्सवरचा लोडरही याच पॅकेजमधून येतो. ते जगभरच्या लोकांच्या हातून घडतं आणि त्यात पुण्याचाही हात आहे: पुण्यात राहून अनेक वर्षं त्यावर काम केलेले सिद्धेश पोयरेकर २०१७ मध्ये आलेल्या २.२६ या आवृत्तीचे प्रकाशन-व्यवस्थापक होते.

जीलिबसीचं एक वचन आहे. जुन्या आवृत्तीवर बनवलेला प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालेल. उलट दिशेचं वचन त्याने कधीच दिलेलं नाही. ऑगस्ट २०२१ मधल्या २.३४ आवृत्तीत प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या मूळ फंक्शनलाच नवा व्हर्जन-शिक्का लागला. परिणामी उबुंटू २२.०४ वर, जिथे जीलिबसी २.३५ आहे, नेहमीच्या पद्धतीने कंपाइल केलेला 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा २.३४ मागतो आणि त्याहून जुन्या मशीनवर उभा राहत नाही. चार ओळींच्या प्रोग्रामला २.३४ मधलं नवं काहीच लागत नसतं. तरी शिक्का तो शिक्का. म्हणून कंपाइल करायचं ते जिथे चालवायचं त्याच मशीनवर, किंवा त्याहून जुन्यावर.

सामायिक संगणकाचं आयुष्य आणि सॉफ्टवेअरचं आयुष्य यांचा मेळ बसत नाही, हे यामागचं खरं दुखणं आहे. मोठा संगणक अनेक वर्षांसाठी घेतला जातो, त्याच्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम सहसा मध्येच बदलत नाहीत, कारण चालू असलेली शेकडो लोकांची कामं अडकतात. सेंटओएस ७ हे याचं ठळक उदाहरण. ते २०१४ मध्ये आलं, त्यात डिसेंबर २०१२ ची जीलिबसी २.१७ होती, आणि ३० जून २०२४ ला त्याचा पाठिंबा संपेपर्यंत जगभरच्या क्लस्टरवर ते ठाण मांडून होतं. इतकं, की पायथॉनच्या तयार पॅकेजांसाठी 'मेनीलिनक्स२०१४' नावाचं प्रमाण ठरलं ते याच सेंटओएस ७ ला पायाभूत धरून. बरीच वर्षं गाडी रुळावर होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हीएस कोडची १.८६ ही आवृत्ती आली आणि तिने दूरच्या मशीनला जोडण्यासाठी जीलिबसी २.२८ ची अट घातली. लॅपटॉपवरचा एडिटर आपोआप अपडेट झाला आणि जुन्या क्लस्टरशी जोडणी तुटली. ओरड इतकी झाली की काही दिवसांतच सुधारित आवृत्ती काढून जुन्या मशीनना वर्षभराची मुदत द्यावी लागली. क्लस्टरवर काहीही बदललेलं नव्हतं, तरी क्लस्टर 'बिघडला' असं सगळ्यांना वाटलं. लायब्ररीच्या तक्रारीत 'काय बदललं?' हा प्रश्न दोन्ही टोकांना विचारावा लागतो, तो यामुळे.

हा मेळ बसवण्यासाठी व्यवस्थापकांनी साधनंही शोधली. एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्सची कल्पना १९९१ मध्येच मांडली गेली: एकाच मशीनवर एका सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या ठेवायच्या आणि प्रत्येकाने 'मॉड्यूल लोड' करून हवी ती घ्यायची. मॉड्यूल जादू करत नाही, ते आपले पाथ बदलतं. 'मॉड्यूल शो' म्हटलं की नेमकं काय बदलतं तेही दाखवतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जन्मलेलं स्पॅक एक पाऊल पुढे गेलं. ते प्रत्येक लायब्ररीचा पत्ता आरपाथ पद्धतीने फाइलीतच कोरतं, म्हणजे एलडी_लायब्ररी_पाथवर विसंबायला नको, आणि ते आपल्या होम डिरेक्टरीतही चालतं. ॲपटेनरसारखे कंटेनर सगळं बिऱ्हाडच बरोबर नेतात, अगदी जीलिबसीसकट. मात्र कर्नल, जीपीयूचा ड्रायव्हर आणि जलद नेटवर्क यजमानाचंच वापरावं लागतं, आणि कंटेनरमधलं एमपीआय यजमानाच्या एमपीआयशी जुळलं नाही तर एका दारातून घालवलेली अडचण दुसऱ्या दारातून आत येते. तिन्ही साधनांवर पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरणं आहेत. ती शेवटी ठेवली आहेत, कारण लोडरचा क्रम न समजता ही साधनं वापरली तर अडचण आली की माणूस पुन्हा सिमलिंकांकडे वळतो.

मदत मागण्यावरही एक छोटं प्रकरण आहे. 'माझा प्रोग्राम चालत नाहीये, प्लीज लवकर बघा' अशा मेलला कोणताही ऍडमिन उत्तर देऊ शकत नाही. कोणत्या नोडवर, कोणती आज्ञा, संदेशाची पूर्ण ओळ, 'मॉड्यूल लिस्ट' आणि जॉबमध्ये चालवलेल्या एलडीडीचा निकाल, एवढं पाठवलं तर काम बऱ्याचदा एका मेलमध्ये मिटतं. संदेशाचा स्क्रीनशॉट पाठवू नये, मजकूर कॉपी करून पाठवावा. लायब्ररीच्या नावातला एक टिंब आणि एक आकडा इथे मोलाचा असतो, आणि फोटोतून तो शोधत बसणं कोणाच्याच हिताचं नाही. मजेची गोष्ट अशी, की ही माहिती गोळा करता करताच निम्म्या लोकांना उत्तर सापडतं आणि मेल पाठवायची वेळच येत नाही.

पुस्तिकेत काय नाही, तेही सांगतो. विंडोजच्या डीएलएल फाइलींचा विचार यात नाही. शोधाचा क्रम तिथे वेगळा आहे आणि त्याला वेगळी पुस्तिका लागेल. मॅकचंही तेच. कुठल्याही एका संस्थेच्या महासंगणकाची ही मार्गदर्शिका नाही. त्या त्या संस्थेची अधिकृत मार्गदर्शिका आधी वाचावी, तिथले नियम इथल्या सल्ल्यापेक्षा वरचढ समजावेत. वाचकाला टर्मिनलची ओळख आहे आणि एखादा जॉब त्याने याआधी पाठवला आहे, एवढं मी धरून चाललो आहे.

इथे दिलेले आवृत्त्यांचे आकडे लवकरच जुने होतील. जीसीसीचा आणखी एखादा आकडा बदलेल, आज नवी वाटणारी जीलिबसी उद्या कोणाच्या तरी क्लस्टरवर जुनी म्हणून अडेल. लोडरच्या शोधाचा क्रम मात्र वर्षानुवर्षं फारसा हललेला नाही, आणि ज्या फाइल-रचनेवर तो उभा आहे, ती एल्फ, लिनक्सवर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून आहे. म्हणून आकडे पाठ करू नयेत. पहिलं प्रकरण वाचताना आपल्या संगणकावर लॉगिन करावं, रोज वापरात असलेला एक प्रोग्राम घ्यावा आणि त्याची प्रत्येक लायब्ररी नेमकी कुठून येते ते एकदा लिहून काढावं. सगळं सुरळीत चालू असताना केलेली ही नोंद जपून ठेवावी. अडेल त्या दिवशी नवी यादी तिच्याशेजारी ठेवली की फरक कुठल्या ओळीत आहे ते दिसेल, आणि तपास तिथूनच सुरू करता येईल.

पुणे